मथर नावाची आई

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक जन्माची नोंद होत असे. तुमच्या गावात होते तशीच, फक्त वहीऐवजी सागाच्या खोडावर. नोंदी कोरायचं काम सुतारपक्ष्याकडे होतं. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत.

भाऊसाहेबांची कामाची एक पद्धत होती. सकाळी चोच ताजी असायची, तेव्हा ते काना, मात्रा, वेलांटी सगळं कोरत. दुपार होत आली की चोच ठणकायची. मग नुसती अक्षरं ठोकायची आणि जेवायला उठायचं. बाकीचं वाचणारा समजून घेईल, असं त्यांना वाटे. पण ते खोड वाचणारे एकटे भाऊसाहेबच होते, आणि ते समजून घेणाऱ्यांतले नव्हते.

याच जंगलात शेवंती नावाची साळिंदर राहायची. तिला गोदामाय नावाच्या सशिणीनं वाढवलं होतं. एका वर्षी मोठा वणवा लागला. शेवंतीची आई त्यात होरपळली. ती जगेल असं कुणालाच वाटेना, तेव्हा पोर गोदामायच्या पदरात आली. गोदामायनं तिला छातीशी धरून वाढवलं. छातीला भोकं पडली, पण तिनं कधी तक्रार केली नाही.

नाव विचारलं की पोर 'शेवंती' सांगायची. आईचं नाव विचारलं की 'आई' सांगायची. सोबत भाऊसाहेबांनी दिलेली, जन्माच्या नोंदीची सालीची एक चिठ्ठी होती. तिच्यावर मुलीचं नाव कोरलं होतं शवत आणि आईचं मथर.

मोठी झाल्यावर शेवंतीच्या कानावर आलं, की होरपळलेली साळिंदरं ओढा ओलांडून गेली होती आणि त्यातली पुष्कळशी वाचली. त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहीना. आई असेल तर तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं. पण ओढ्यापलीकडे साळिंदरांची तीनशे बिळं! दारोदार जाऊन 'तुम्ही माझी आई का' असं विचारणार कसं?

ती गोदामायला घेऊन भाऊसाहेबांकडे गेली.

"मथर नावाचं कुणीही या जंगलात राहत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"पण भाऊसाहेब, माझं नाव शेवंती. इथं शवत लिहिलंय. आईच्या नावाचंही तसंच झालं असेल."

"सरकारी खोडावर चूक होत नसते. तुम्ही मायलेकींनी नावं चुकीची ठेवून घेतली, त्याला मी काय करू?"

गोदामाय पुढं झाली. "भाऊसाहेब, जरा बगा की. पोरीच्या आईचा प्रश्न हाय."

"नावात फरक असेल तर आई ग्राह्य धरता येत नाही," असं म्हणून भाऊसाहेब जेवायला गेले.

बाहेर येऊन दोघी बसल्या. तीन अक्षरं घेतली आणि त्यांना जमतील तितके काने, मात्रे, उकार लावून पाहिले. मग ओढा ओलांडून चौकशी सुरू झाली. पहिल्यांदा मिथिराबाई सापडल्या. त्यांना नऊ मुलं होती आणि आणखी एक ऐकूनच त्यांना घेरी आली. मग माथूरराव भेटले. "आई व्हायला जमणार नाही, पण मामा होतो," ते म्हणाले. "जेवायला कधी येऊ?"

तिसऱ्या दिवशी दोघी एका कडेच्या बिळापाशी आल्या. पाय भाजल्याच्या खुणा असलेली एक म्हातारी साळिंदर दारात बसली होती. मथुरा तिचं नाव.

"कोण गं तू?" तिनं विचारलं.

"शेवंती."

म्हातारी हळूच म्हणाली, "थट्टा करू नगंस, बाई. शेवंती नावाची मुलगी जन्मलीच न्हाई. मी दर वर्षी जाऊन इचारते. भाऊसाहेब खोड बगून सांगतात."

गोदामायनं चिठ्ठी पुढं केली. मथुरानं 'शवत' आणि 'मथर' वाचलं, आणि तिला सगळं उमगलं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि पोटभर रडल्या. गोदामाय रडली, पण जरा अंतरावरून.

दुसऱ्या दिवशी तिघी नोंद दुरुस्त करायला गेल्या. भाऊसाहेबांनी पुष्कळ विचार केला.

"कोरलेलं बदलता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बदला. आजपासून या मथर आणि ही शवत. मग मला नातं मंजूर करता येईल."

शेवंती संतापली. पण मथुरानं तिचा हात धरला.

"मंजूर कर, लेकी," ती म्हणाली. "इतकी वर्सं माझी शेवंती जन्मलीच नव्हती. शवत तरी जन्मली, हे काय थोडं झालं?"

तात्पर्य : शुद्ध लिहावं, शुद्ध वाचावं, हे शाळेत ठीक आहे. पण मुलांनो, ज्याला आपली माणसं शोधायची असतील, त्यानं आधी सरकारसारखं चुकायला शिकावं.