पाठमोरी आते

माझ्या आतेने माझ्या एकूण एक कुस्त्यांना हजेरी लावली आणि त्यांतली एकही पाहिली नाही.

कोडं घालत नाही. ती अगदी पुढे जागा पटकवायची, मातीत फतकल मारायची आणि आखाड्याकडे पाठ करून बसायची. सगळा जमाव आखाड्याकडे तोंड करून आणि ही एकटी जमावाकडे तोंड करून. समोरच्या माणसाचा चेहरा बघून तिला कुस्तीचा अंदाज यायचा. तो आ वासून पुढे सरकला की ही खेकसायची, "काय झाला? कोण वर असा? बोल रे मेल्या, वाचा बसली तुझी?" आता तो बिचारा कुस्ती बघणार की हिला सांगणार?

भागीरथी तिचं नाव, पण सगळे भागीआते म्हणायचे. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि आतेने मला मालवणाकडच्या गावातून उचललं ते थेट कुर्ल्याच्या चाळीत आणून ठेवलं. तिचा नवरा गिरणीत होता, तो मी यायच्या आधीच वारलेला. मूलबाळ नाही. एका खोलीत ती खाणावळ चालवायची. दोन्ही वेळा अकरा गिरणीवाले जेवून जायचे आणि अकरा पितळ्या ती एकटी घासायची.

त्या अकरांतला एक हैबतराव, साताऱ्याकडचा. तरुणपणी कुस्त्या केलेला. त्याने एकदा माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाला, "भागीबाई, प्वार ठासीव हाय. तालमीत घालूया." आमच्या घराण्यात कुणी कुस्ती केली नव्हती. आम्ही फार तर माडावर चढणारे. पण आतेला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला स्वतः तालमीच्या दारात नेऊन उभं केलं.

खुराकावरून तिचं आणि हैबतरावाचं रोज वाजायचं. तो म्हणायचा दूध-बदाम. ती म्हणायची बांगडा. "बदाम खावन कोण मोठो झालो? समुद्रात बदाम गावतत?" मी सकाळी तालमीतून आलो की दूध प्यायचो, दुपारी बांगडा खायचो, आणि मधल्या वेळात पोटात काय चाललं असेल ते मारुतीरायाला ठाऊक.

डावांची नावंही तिच्या पचनी पडली नाहीत. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, हैबतराव घसा फोडून शिकवायचा. तिने सरळ आपली नावं पाडली. दोन पैलवान नुसते हाताला हात लावून खडाखडी करत राहिले तर ते तिच्या भाषेत 'वाटण'. वाकून समोरच्याचे पाय धरायचे म्हणजे 'कोंबडी'. आणि समोरचा पोटावर पडून मातीला चिकटून राहिला, की तव्यावरचं तांदळाचं घावन उलथावं तसं त्याला उताणं करायचं ते 'घावन'. आखाड्याकडे पाठ करून ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायची, "सद्या, वाटण पुरे झाला! कोंबडी धर! आता घावन उलथ! आदी कडा सोडव रे, कडा सोडव!"

लोक पोट धरून हसायचे. पण एकदा तालमीतले वस्ताद गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. आधी हातपाय मोकळे केल्याशिवाय खालचा उलटत नाही. बाई बरोबर सांगते." झालं! त्या दिवसापासून तिला आवरणं कठीण झालं. कुस्तीच्या आधी ती माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे जायची, बाजारात पापलेट दाबून बघावं तसा त्याचा दंड दाबायची आणि मला येऊन सांगायची, "नरम असा. भिया नको." किंवा, "ताजो असा मेलो. जपान खेळ." दंड दाबून झाल्यावर त्या पोरालाही "जेवलंस काय रे?" विचारायची.

मला कुर्ल्यात पोरं 'घावन्या' म्हणायला लागली. मराठी सातवीपर्यंत मी ते सोसलं. लाज वाटायची, पण सगळी चाळच तशी होती, सगळ्यांच्या आया-आत्या ओरडायच्याच. लाज वाटणं आणि लाज धरणं यांत फरक असतो.

लोकांना वाटायचं, आते पाठ करून बसते ती लंगोटातल्या पोरांकडे बघू नये म्हणून. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी माळ्यावर अभ्यास करत होतो आणि खाली हैबतराव जेवत होता. तो म्हणाला, "भागीबाई, एवढी लाज वाटती तर येता कशापायी?"

आते म्हणाली, "लाज कसली? पोराक मी माज्या हातान न्हाणयलंय. हो पडतलो म्हणान माका धडधडता. बघूक जमणा नाय, आणि घराक बसूक पण जमणा नाय. मग मी काय करू, सांग?"

हैबतरावाने आणखी भात मागून घेतला. मी वर पुस्तकात डोकं घातलं. हे मला माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा. पुढे मी जे केलं ते हे माहीत असून केलं.

आठवीला मला घाटकोपरच्या एका हायस्कुलात प्रवेश मिळाला. तिथली मुलं वकिलांची, डॉक्टरांची, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असणाऱ्यांची. कोणी घावन म्हटलं असतं तर त्यांना ते गावाचं नाव वाटलं असतं. मी पांढरे कॅनव्हासचे बूट घालू लागलो, 'असा-नसा' सोडून 'आहे-नाही' बोलू लागलो, आणि आतेला शाळेच्या आसपास फिरकू दिलं नाही. फॉर्मवर सही हैबतराव ठोकायचा. शाळेत मी पैलवान म्हणून नाव कमावलं, 'घावन्या' कुर्ल्यातच राहिला. मी फार खूश होतो.

नववीत आमच्याच शाळेच्या मैदानावर आंतरशालेय कुस्त्या ठरल्या. मी घरी अवाक्षर काढलं नाही. पण नवा लंगोट हवा म्हणून हैबतरावाला सांगितलं, आणि हैबतरावाच्या पोटात काही राहत नसे.

माझी पहिली कुस्ती लागायच्या आधी मी मैदानावर पाहिलं आणि माझी वाटच लागली. भागीआते आली होती. कुर्ल्याहून चालत. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पेजेची किटली, कपाळावर घाम. आणि ती थेट मुलुंडच्या शाळेच्या पैलवानाचा दंड दाबत होती!

"नरम असा!" तिने तिथूनच मला ओरडून सांगितलं. मग पुढे येऊन आखाड्याकडे पाठ करून बसली.

ती कुस्ती मी दोन मिनिटांत मारली. "कडा सोडव!" मैदानभर घुमलं, मागच्या बाजूला खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मी बाहेर आलो तेव्हा माझे कान पेटले होते.

माझ्या वर्गातला श्रीकांत, एका वकिलाचा मुलगा, टॉवेल घेऊन आला. स्वभावाने सरळ मुलगा. त्याने सहज विचारलं, "कोण रे त्या बाई? तुझी आई?"

"छे!" मी म्हणालो. "आमच्याकडे भांडी घासायला येते."

आते माझ्यापासून चार हातांवर बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. पाठ आहे म्हणजे ऐकू गेलं नसेल, असं मी मनाला बजावलं. जी बाई इतकी वर्षं माझ्या कुस्त्या कानांनी बघत होती तिच्याबद्दल! ती हलली नाही. फक्त किटलीचं झाकण काढलं होतं ते तिने परत लावलं.

शेवटची कुस्ती दादरच्या एका तगड्या पोराशी. आणि मैदानावर आतेचा आवाज नाही. खडाखडी लांबली, कोणी 'वाटण पुरे' म्हणालं नाही. मी पाय धरून पट काढला, त्याला खाली घेतलं, तो पोटावर पडून मातीला घट्ट चिकटला, आणि मी त्याच्या पाठीवर बसून वाट बघत राहिलो. कसली वाट, ते मला तेव्हाच कळलं. तिने ऐकलं होतं. शेवटी मीच त्याचे हात मोकळे केले, उलटा केला, पाठ लावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मला आतेचा बारीक आवाज ऐकू आला. ती समोरच्या शिपायाला विचारत होती, "कोण जिकलो?"

बक्षीस समारंभात हेडमास्तर फळ्यांच्या मंचावर उभे राहून म्हणाले, "विजेत्याचे पालक आले असतील तर त्यांनी पुढे यावं. त्यांचाही नारळ देऊन सत्कार करायचा आहे."

कोणी उठलं नाही. मी पायांच्या अंगठ्याने माती उकरत होतो. तेवढ्यात श्रीकांत, मला मदत म्हणून, उभा राहिला. "सर, घरचे नाही आले. पण त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाई आल्या आहेत."

"मग त्यांना बोलवा की!" हेडमास्तर मोठ्या मनाचे होते. त्यांचा काहीच दोष नाही.

आते उठली. खोचलेलं लुगडं सोडून नीट केलं, डोक्यावर पदर घेतला, आणि मंचावर चढली. आता ती पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून उभी होती.

"बाई, तुम्ही यांच्या घरी कामाला का?" हेडमास्तरांनी विचारलं.

माझ्या तोंडात 'आते' हा शब्द आला होता. देवाशपथ आला होता. दोन अक्षरं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, माझे कॅनव्हासचे बूट पाहिले, माझ्या शेजारी उभा असलेला श्रीकांत पाहिला.

"होय साहेब," ती म्हणाली. "भांडी घासतंय. बाईसाहेब जरा आजारी हत, म्हणान माका धाडल्यानी."

"बरं बरं. हा नारळ त्यांच्या हातात द्या हं, नीट."

"देतंय," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

परतताना आम्ही कुर्ल्याच्या रस्त्याने चालत निघालो. शाळा दिसेनाशी होईपर्यंत ती माझ्यापासून वीस पावलं मागे राहिली. कामवाली जशी राहील तशी. पुढे वळणावर मी थांबलो. ती आली. नारळ पदरात, किटली हातात. तिने किटली माझ्यापुढे धरली. पेज गार झाली होती, मी ती उभ्यानेच प्यायलो.

"आते..." मी म्हणालो.

"तेका लागला नाय मा? त्या दादरच्या पोराक?"

"नाही."

"बरा." ती थोडी चालली. मग कुस्तीआधी समजावून सांगायची त्याच सुरात म्हणाली, "सद्या, ऐक. मी मास्तरांक सांगितलंय, घरात बाईसाहेब आजारी हत. उद्या तुका इचारतीत. तू तसाच सांग. खोटा बोलूचा तर दोघांनी एकच बोलूक व्हया, नायतर पकडले जातंव."

मला रडू आलं. पण मी माफी मागितली नाही. मी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला थांबवलं. पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय रे पैलवान, आईची तब्येत कशी आहे आता?"

अजूनही वेळ होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, श्रीकांतही नव्हता.

"ताप उतरला, सर," मी म्हणालो.

आतेने नुसतं आजारी म्हटलं होतं. ताप मी माझ्या पदरचा घातला.