वरच्या मजल्याचा अशील

अशिलाचं गुपित पोटात ठेवावं तर आम्हीच! पोट सुटलंय ते त्या गुपितांमुळेच, असं मी बायकोला कित्येकदा बजावलंय.

म्हणूनच आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ऑफिसचं दार हळूच लोटून विचारलं, "वकीलसाहेब, बोललेलं बाहेर नाही ना जाणार?" तेव्हा मी ऐटीत खुर्चीत रेललो.

"काका, वकिलाला आचारसंहिता असते. तुमचं तोंड उघडलं की माझं बंद! बायकोलासुद्धा सांगणार नाही."

"शब्द?"

"शब्द!"

वाद कोणाशी आहे, हे आधी विचारायचं असतं. ते राहिलं.

"न्हाणीघरात खिळा ठोकताना मी पाइप फोडला," काका म्हणाले. "खालच्यांचं छत गळतंय. कबूल करू का?"

खालचे म्हणजे आम्ही! आठवडाभर आमच्या पलंगावर बादली झोपत होती आणि मी जमिनीवर!

"काका! मी तुमचा वकील होऊच शकत नाही!"

"नका होऊ. पण ऐकलंत ना? ते आता पोटातच!"

"निदान पाइप तरी दुरुस्त करा!"

"बघू," म्हणत काका शांतपणे निघून गेले. चोर तो चोर, वर माझ्याच आचारसंहितेच्या छत्रीखाली!

घरी बायको वाटच पाहत होती. "अहो, काकांना नोटीस पाठवा. म्हणे गळतंय ते गच्चीचं पाणी!"

"मला नाही पाठवता येत."

"का?"

"नाही सांगता येत."

"म्हणजे पाणी गच्चीचंच?"

मी छताकडे पाहिलं. छताने नेमका डोळ्यात थेंब सोडला.

"पेपरवाल्याशी तास तास वाद घालणारा माणूस गप्प?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हणजे काका तुमच्याकडे येऊन गेले!" आणि तरातरा वर गेली. "मला सगळं कळलंय," एवढंच म्हणाली. काकांनी घाबरून फुटका पाइपच दाखवला!

पाचव्या मिनिटाला काका आमच्या दारात. "शब्द मोडलात! बार कौन्सिलकडे जातो! सनदच घालवतो तुमची!"

"मी एक अक्षर बोललो नाही!" मी किंचाळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नियम तंतोतंत पाळला आणि सनद जाणार तीही त्याच्यापायीच!

"खरंच काका," बायको म्हणाली. "शपथेवर सांगेन. हे अगदी गप्प होते."

"हे? गप्प?" काका हसले. "कोणाला पटेल?"

बायकोने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तेही खरंच," म्हणाली, आणि बादली रिकामी करायला गेली.