कोण खातं प्रेमलाची बॅटरी?

बायकोच्या, म्हणजे प्रेमलाच्या, फोनची बॅटरी तपासायची, असं मी एका रविवारी पोहे खाता खाता ठरवलं. तपासून मोकळं व्हायचं, एवढाच विचार होता. (माझे सगळे विचार एवढेच असतात. पुढचं आपोआप होतं.)

मी रायपूरजवळ सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसनं फाफाडीह चौक गाठला, की घरी फोन करून प्रेमलाला सांगावं, चहा टाक. म्हणजे दारात पाय आणि हातात कप. केवढीशी इच्छा! पण बाईसाहेबांचा फोन रोज बंद. घरी जाऊन विचारलं की म्हणायची, "बॅटरी उतरली न जी." सकाळी भरलेला फोन संध्याकाळी मान टाकतो, आणि बाई तर दिवसभर घरात. बरं, फोनही काही जुनाट नाही. आमच्या निरंजननं बंगलोरला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात आईला घेऊन दिलेला. (मला बेल्ट दिला. तो मात्र अजून एकदाही बंद पडलेला नाही.)

एक सांगून ठेवतो. आम्ही रायपूरचे मराठी. आजोबा रेल्वेत होते, भंडाऱ्याहून इकडे आले आणि पुरानी बस्तीतच राहिले. लिहिताना मी शाळेत शिकवल्यासारखं "मला, तुला" लिहितो, बोलताना "मले, तुले" म्हणतो, आणि निरंजनला मराठी सगळं कळतं, फक्त तो उत्तर हिंदीत देतो. घरात भांडण झालं तर तिन्ही भाषांत होतं आणि मी तिन्हींत हरतो.

तर बॅटरी. माझ्या शेजारच्या टेबलावर श्यामकांत बसतो. फोनमधलं आपल्याला सगळं कळतं, असं तो स्वतःच सांगत असतो. तो म्हणाला, "भाऊ, डॉक्टर गोळी देण्याच्या आधी बीपी पाहते न? तसं पहिले बॅटरीची हेल्थ पाहा." आणि त्यानं फोनवर दाबायचा एक गुप्त नंबर दिला. चांदणी, जाळी, चांदणी, जाळी, मग आकडे, मग पुन्हा सगळं उलटं. "अन् एक आकडा चुकला तं सारा फोन कोरा होऊन जाते," असंही म्हणाला आणि डबा घेऊन निघून गेला. अशी माणसं पुढे युनियनचे सेक्रेटरी होतात.

प्रेमला गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली होती तेव्हा मी तिचा फोन घेतला, देवाचं नाव घेतलं आणि नंबर दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. एकदम पडदा बदलला, सगळं इंग्रजीत आलं, आणि मधोमध लिहिलेलं, बॅटरी हेल्थ : गुड.

(पन्नाशीनंतर माझ्या कोणत्याही रिपोर्टात हा शब्द आलेला नाही. खरं सांगतो, मला त्या बॅटरीचा थोडा रागच आला.)

बॅटरी ठणठणीत. म्हणजे तिला कोणीतरी खाऊन राहिलं होतं. मग मी सेटिंगमध्ये घुसलो. कोणतं ॲप किती बॅटरी खातं ते तिथे दिसतं. मला वाटलं, लोणच्याचे व्हिडिओ निघतील, नाहीतर तिच्या भिशीचा ग्रुप. निघाला नकाशा! मॅप्स! बाकीचे सगळे त्याच्या पायाशी बसलेले.

आता तुम्हीच सांगा, जिचं जाणं-येणं महामाया मंदिर ते भाजीबाजार, आणि जी रिक्षावाल्याला "उजवीकडे घ्या भैया" सांगताना हात डावीकडे दाखवते, त्या बाईला दिवसभर नकाशा कशाला? नवऱ्याला सोडून जायच्या आधी बाई रस्ता तर पाहणारच.

ती रिकामी बादली घेऊन खाली आली.

"प्रेमला, तुले कुठी जाचं आहे काय?"

"मले? आता? वरण शिजून राहिलं न."

"आता नाही. म्हणजे... कायमचं."

तिनं बादली खाली ठेवली. "बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

"घेतली."

"मंग दोन घेतल्या असन."

दुपारी ती मंदिरात गेली आणि फोन चार्जिंगला लावून गेली. मी नकाशा उघडला. मला रायपूर दिसेल असं वाटलं होतं, तर उघडलं बंगलोर. त्या बंगलोरच्या मधोमध एक गोल, गोलात आमच्या निरंजनचा फोटो, आणि खाली त्याच्या फोनमध्ये किती बॅटरी उरली तेसुद्धा! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोट्टा हा फोन द्यायला आला आणि परत निघाला, तेव्हा स्टेशनवर आईला म्हणाला होता, "मम्मी, इसमें दिखेगा ट्रेन कहाँ पहुँची." लोकेशन पाठवलं, आणि बंद करायचं विसरला. गाडी पोचली, दोन वर्षं गेली, आणि गोल चालूच.

मला काय आनंद झाला! कारखान्यातल्या भल्याभल्यांना लीकेज सापडत नाही, मला घरबसल्या सापडलं. त्याच पावली मी निरंजनला फोन लावला.

"अरे, तुझ्या आईची बॅटरी तू खाऊन राहिला!"

"क्या, पापा?"

"दिवसभर नकाशात तुलेच पाहत राहते ती. आता मले पण दिसून राहिला तू. कोण्या मॉलमधी आहे."

"वो... अभी तक ऑन है?"

"हव! तेव्हापासून."

"मतलब मम्मी को सब दिखता था? महालक्ष्मी के टाइम भी?"

"सगळं दिसते बेटा, एक नंबर!" मी म्हणालो. "बंद कर ते. बॅटरी वाचन."

"ठीक है, पापा." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. (मला वाटलं रेंज गेली. मला नेहमी रेंजच गेली असं वाटतं.)

पाहता पाहता नकाशावरचा गोल गेला. मी स्वतःच्या हातानं चहा केला आणि स्वतःचं कौतुक करत प्यायलो.

दिवेलागणीला प्रेमला देवाला दिवा लावून फोन घेऊन बसली आणि लगेच ओरडली, "अहो! निरंजन नाही आहे!"

"नाही आहे म्हणजे?"

"इथी राहते न तो. आता नाही आहे. सारं बंगलोर पाह्यलं मी." तांदळातले खडे निवडावेत तसं ती बोटानं नकाशा सरकवून राहिली होती. "बॅटरी तं होती त्याच्या फोनमधी. मंग काहून गेला?" तिनं त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. तिसऱ्यांदा लावला. "काही झालं तं नसन न जी? माय वं, काही झालं असन काय?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि माझा चहा घशात परत आला.

"मी बंद कराले लावलं," मी म्हणालो. "तुझी बॅटरी वाचावी म्हणून."

मला वाटलं, आता तिन्ही भाषा सुरू होतील. मी तयार होतो. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, फोन पदरानं पुसला आणि पोळ्या करायला निघून गेली. तीस वर्षांच्या संसारात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

ती बोलली ती जेवताना, माझ्याकडे न पाहता.

"सकाळी उठली की पाहत होती. घरीच आहे म्हणजे झोपला आहे. मंग ऑफिस. दुपारी त्या कोपऱ्यावरच्या मेसमधी गेला, की मी माझं ताट वाढून घेत होती. बरोबर जेवल्यासारखं वाटे."

(तिची जेवायची वेळ रोज का बदलते, हे कोडं मला होतंच. मी सिरियलला शिव्या घालत होतो.)

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही बंद कराले लावलं असतं."

मी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि बुडवूनच ठेवला.

"महालक्ष्म्याले सुट्टी नाही भेटली म्हणे न तो?" ती म्हणाली. "त्या दिवशी ऑफिसात नव्हता. कुर्गकडे गेलता, डोंगरात. असतील मित्र संगं."

"अन् तू त्याले बोलली नाही?"

"काय बोलू? इकडे महालक्ष्म्या जेवून राहिल्या होत्या, अन् तिकडे त्याचा फोटो घाट चढून राहिला होता. मी देवीले म्हटलं, आई, आता तूच पाह्य, गाडी जरा हळू चालवू दे. मंग रेंज गेली, अन् त्याचा गोल एका जागी बसला तो हालेचना. बायका पुरणपोळीची तारीफ करून राहिल्या होत्या अन् मले काही आयकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हालला तेव्हा मी जेवली."

तेव्हा मला समजलं की दुपारी माझ्याशी बोलताना पोट्ट्याची रेंज गेली नव्हती. मी आईच्या वतीनं त्याला पकडलं होतं. तिनं एवढे महिने पोटात ठेवलेलं मी हसत हसत, "एक नंबर" म्हणून त्याच्या तोंडावर फेकलं होतं. मला माझीच लाज वाटली. इतकी, की ताट मी उचलून घासलं. (त्यात एक कप फोडला.)

त्यानंतर प्रेमलाचा फोन कधी बंद पडला नाही. फाफाडीहवरून लावला, की पहिल्या रिंगला उचलायची. "चहा टाक." "टाकते." दारात पाय, हातात कप. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि तो चहा मला गोड लागेना. फोन फ्रिजवर पडलेला असायचा, रात्री पाहावं तर बॅटरी भरलेली. रविवारी निरंजनचा फोन यायचा. ती विचारायची, "जेवला का?" तो म्हणायचा, "हाँ मम्मी, खा लिया." ती "बरं" म्हणायची. पहिले हे विचारताना तिला उत्तर माहीत असायचं. आता त्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागायचा, आणि मग बराच वेळ तिच्या हातून काही काम व्हायचं नाही.

मी गच्चीवर जाऊन निरंजनला फोन केला. "बेटा, चालू कर न ते परत."

"अब कैसे करूँ, पापा? अब तो हर टाइम लगेगा, मम्मी देख रही है." मग म्हणाला, "उन्होंने कभी कुछ बोला ही नहीं. डाँट देतीं तो अच्छा रहता."

"तिले नाही येत रे डाटता. मलेच तेवढं डाटते."

"देखता हूँ, पापा."

आमच्या घरात "देखता हूँ" म्हणजे नाही. आणि त्याच्यावर रागावू तरी कसा? त्याच्या वयात मी कुठे कुठे असायचो, हे माझ्या बापाला नकाशात दिसलं असतं, तर... जाऊ द्या. प्रेमला हे वाचणार आहे.

मग मला अजून एक विचार आला. (आला की मी स्वतःच घाबरतो आजकाल.) पोट्टा नाही, तर नाही. मी तर आहे! पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी माझंच लोकेशन तिला पाठवलं, बंद करेपर्यंत. तिच्या फोनवर गोल दाखवला. गोलात माझा फोटो, आधार कार्डावरचाच.

"हे पाह्य. आता मी कुठीही गेलो तं तुले दिसीन."

"हव," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मी निघालो. नुसता कोपऱ्यावर जाऊन काय उपयोग, गोल हालला पाहिजे! बूढ़ा तालाबला चक्कर मारली. ऑटोनं तेलीबांधा तलाव गाठला, पाण्याच्या कडेनं मुद्दाम वाकडातिकडा चाललो. तिनं पाहावं, म्हणावं, हे काय करून राहिले. समता कॉलोनीत दातांच्या दवाखान्यासमोर थांबलो. वाटलं, आता फोन येईल, दाढ दुखून राहिली काय? नाही आला. बिझी असेल. मग दारूच्या दुकानासमोर उभा राहिलो. तीस वर्षांत जी बाई मला सुपारीसुद्धा खाऊ देत नाही, ती आता तरी फोन करणारच! दोन ओळखीचे भेटले, बातमी पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, पोचली असेल, पण फोन नाही. शेवटी जीव तोडून स्मशानघाटाच्या फाटकाशी जाऊन बसलो. चांगलं ऊन उतरेपर्यंत बसलो. चौकीदार पाणी घेऊन आला, म्हणाला, "धीरज रखो, भैया." मला भडभडून आलं. कोणासाठी, ते त्यानं विचारलं नाही आणि मला सांगताही आलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. प्रेमलानं दार उघडलं.

"कुठी होते जी दिवसभर?"

"तू पाह्यलं नाही?"

"काय पाह्यलं नाही?"

"मले! नकाशात!"

तिला आठवायलाच जरा वेळ लागला. मग फ्रिजवरच्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नव्हती, उलट आवाज मऊच होता.

"तुमचं काय पाहाचं जी?" ती म्हणाली. "तुम्ही तं घरी येताच."

मी खाली बसून चपला काढत राहिलो. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग तिचा.

"अन् एवढं गाव फिरले, तं येता येता दही तं आणाचं होतं."