समदे मिळून

आमच्या कळंबच्या शाळेतले भगवान गुरुजी हजेरीसुद्धा एकट्यानं घेत नसत. पटावरची सगळी नावं आम्ही पोरांनी त्यांच्याबरोबर एका सुरात म्हणायची. त्यामुळं शेरडं राखायला गेलेलं पोरगंही रोज हजर लागायचं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. हजेरीसारखा धडाही सगळ्यांनी एका सुरात वाचायचा. एरवी गुरुजी फारसं बोलत नसत. "समदे मिळून" एवढं हेल काढून म्हणायचे, छडीनं टेबलावर ठेका धरायचे, आणि वर्ग गरजायचा. शेजारच्या आडत दुकानापुढं बांधलेले बैल बुजून दावं तोडायचे. धनगराचा भिवा एरवी एका ओळीवर घाम गाळायचा, घोळक्यात मात्र धडाधडा वाचायचा.

मी वर्गात हुशार. पण या गलक्यात माझी हुशारी कुणाच्या कानावर पडत नव्हती, त्याचा मला राग होता. म्हणून हैदराबादेहून तपासणीला साहेब येणार कळल्यावर मी पोरांना पढवलं, की मी खाकरलो की सगळ्यांनी गप्प बसायचं. गुरुजींची फजिती बघायची, एवढाच बेत होता.

साहेबांपुढं धडा सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीला मी खाकरलो. वर्ग गप्प झाला. गुरुजींचा आवाज एकटाच उरला आणि 'प'वर अडकला. "प... प... प..." मानेच्या शिरा फुगल्या, पण शब्द सुटेना. पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी तोतरे होते, आणि इतके दिवस आमच्या आवाजाच्या आडोशानं शिकवत होते.

तेवढ्यात भिवा उठला. पुस्तकावर बोट ठेवून त्यानं तीच ओळ एकट्यानं, सावकाश वाचायला घेतली. गुरुजींचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला आणि मोकळा झाला. दोघांनी धडा संपवला.

वर्ग मधेच गप्प का झाला, हे साहेबांनी विचारलं तेव्हा पोरं दमली होती, असं गुरुजींनी कसंबसं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन हात पुढं केला. छडी त्यांनी उचलली नाही.

"तुमच्यात मिसळलं की माझी बी जीभ सुटते रं," ते म्हणाले. "दुसरीकडं कुठं म्या बोलायला जातच न्हाय."

एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. अडलेला प्रत्येक शब्द मला आधीच कळत होता. तो उच्चारून द्यायची हिंमत मात्र झाली नाही. मान खाली घालून मी ऐकत राहिलो.