अब्बांचा रुमाल

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची मीरासाबना जन्माची सवय. लेक अरीबाच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेलाही सभागृहात शिरताच त्यांनी पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर आपला चौकड्यांचा रुमाल टाकला. शाहूपुरीतलं शिलाईचं दुकान आज बंद होतं. खानदानातली पहिली डॉक्टर होणार होती, आणि तीही सुई टोचणारी नव्हे!

"पेढं घिऊन आलोच. खुर्ची सोडू नगंस," असं बायकोला, हुसेनबींना, बजावून ते स्कूटरवरून गेले.

आता ती खुर्ची नेमकी पुण्याच्या परीक्षकांसाठी मांडली होती, हे त्या बापड्याला कोण सांगणार? डॉ. सबनीस आले आणि रुमाल उचलायला वाकले.

"ओ पावणं, तितं माणूस हाय!" हुसेनबी कडाडल्या.

सबनीसांनी खुर्चीखालीही पाहिलं. "कुठं आहे?"

"हाय म्हटलं की!"

विभागप्रमुख धावत येईपर्यंत सबनीस कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तिचा एक पाय आखूड होता. अरीबाची सहा वर्षांची मेहनत त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीत बसली होती.

तिचा विषय होता आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानातली 'उपस्थिती'. सबनीसांनी प्रबंध उघडलाच नाही.

"तुम्ही लिहिता, निखळ उपस्थिती कधी हाती लागत नाही. जो समोर नाही, त्याची खूण तिच्यात असतेच. उदाहरण द्या. पुस्तकातलं नको."

अरीबानं दाराकडं पाहिलं. अब्बांचा अजून पत्ता नव्हता. तिची नजर रुमालावर गेली.

"सर, तुम्ही धडधडीत समोर उभे होता, तरी खुर्ची मिळाली नाही. माझे अब्बा इथं न्हाईत, तरी ती त्यांचीच राहिली. हेच सांगायला युरोपात जाडजूड ग्रंथ लागले. आमच्या अम्मीनं दोन शब्दांत सांगितलं."

सबनीस असे खदखदून हसले, की खुर्ची खरंच कलंडली.

निकाल जाहीर होऊन टाळ्या पडत होत्या, तेव्हा मीरासाब पंक्चर स्कूटर ढकलत घामाघूम पोचले. "झालं? माझी पोरगी बोलली, आन मी न्हवतो?" त्यांचे डोळे भरले. ते खुर्चीवर टेकणार, तोच सबनीस ओरडले,

"ओ पावणं, तिथं माणूस आहे! पहिल्यापासून बसलाय."

मीरासाब बावचळले. हुसेनबी पदरानं त्यांचा घाम पुसत म्हणाल्या, "ऐकलंसा? हुतासा की तुमी!"

मीरासाबनी रुमालाला हातही लावला नाही. उभ्यानंच पेढे वाटले, आणि पहिला त्या खुर्चीवर ठेवला.