मोबाइलवरचे धपाटे

रोज सकाळी पावणेसातला माझा फोन वाजतो. निरोपात शब्द नसतो, फक्त चित्र असतं. एकावर एक रचलेल्या जाड चकत्या, वर पिवळा चौकोनी तुकडा. पाठवणारे मारुतीमामा, आमचे घरमालक. ते खालीच, जिन्याच्या पायथ्याशी बसलेले असतात.

नांदेडला शिकायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला. लगेच खालून आवाज आला, "अंगठा नको पोरी! काय खाल्लं ते सांग. अंगठ्यानं पोट भरत न्हाई."

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्त झाले, पण घोषणा सुटल्या नाहीत. नळाला पाणी आलं की, "लक्ष द्या, नळ फलाटावर लागलेला आहे." चित्राचा अर्थही त्यांनी मला तसाच सांगितला, "हे धपाटे हायत. वर लोणी. अर्थ असा, की उठा, खा, मग कामाला लागा." गॅसवाल्याला, डॉक्टरला, जुन्या ड्रायव्हरांना, सगळ्यांना रोज धपाटे जातात. मामी म्हणतात, "तव्यावर मी भाजायचे अन् गावाला ह्यांनी वाढायचे."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काही नवीन कळलं की ते सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं. एकदा मी त्या चित्राचं नाव शोधलं आणि चाचरत म्हणाले, "मामा, राग मानू नका. हे धपाटे नाहीत. पॅनकेक म्हणतात. परदेशात नाश्त्याला खातात. वरून पाक ओततात."

"गोड असतंय?"

"हो."

"म्हंजी शुगरवाल्याला चालत न्हाई?"

"नाही चालत."

मामांनी चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नळसुद्धा मुकाट्यानं येऊन गेला.

शेवटी मीच मामींना विचारलं. अहमदपूरला मामांचे थोरले भाऊ असतात, दादा. पुतणीच्या साखरपुड्याला वहिनींनी धपाटे केले होते. मामांनी सवयीनं पाहुण्यांसमोर घोषणा केली, "लक्ष द्या, धपाट्यांत मीठ जास्त झालेलं आहे." पाहुणे हसले, वहिनी रडल्या, दादांनी बोलणं टाकलं. तीन वर्षं झाली त्याला.

"माफी मागायला ह्यांना तोंड न्हाई," मामी म्हणाल्या. "म्हणून रोज पयलं चित्र दादांना जातंय. ते बघत्यात, बोलत न्हाईत. अन् दादांना शुगर हाय. आता हे म्हणत्यात, तीन वर्षं मी त्यांना गोड दाखवून चिडवलं."

मी वर आले. ते चित्र चाकूरकडच्या आमच्या गावी आईला पाठवलं आणि हे काय आहे असं विचारलं. आईला लिहिता येत नाही, तिनं बोलून उत्तर पाठवलं. ते मी खाली जाऊन मामांना ऐकवलं.

"धपाटे हायत की गं. लोणी लई घातलंय. कुणी केले?"

मामांनी ते दोनदा ऐकलं.

"आई शिकलेली न्हाई न्हवं तुझी?"

"नाही, मामा."

"दादा बी न्हाई," ते म्हणाले आणि हळूच हसले.

चौथ्या दिवशी पावणेसातला माझा फोन वाजला. मी वाटी घेऊन दही मागायला खाली उतरले, तर मामा फोन हातात धरून उभे होते. दादांचं उत्तर आलं होतं, बोललेलं. मामांनी फोन माझ्यापुढं धरला, म्हणून मीच ते लावलं.

आधी खोकला ऐकू आला. मग, "दोन दिस कुठं व्हतास रं?" थोडं थांबून, "मीठ बराबर हाय का?"

मामांनी बोलायचं बटण दाबलं. अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा आवाज, पण शेजारी उभं राहूनही मला कान द्यावा लागला.

"बराबर हाय, दादा," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं. "पण वैनीच्या हाताची सर न्हाई."

मामींनी ते ऐकलं. तव्यावरचा धपाटा उलटला.