गेनूआबांचा मांडव

"इकतचं रोप माझ्या दारात येणार न्हाई!" असं गेनूआबांनी घरभरणीच्या जेवणावळीत सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं. आता घरापुढच्या त्या चार हात मातीत बी टाकून महिना उलटला, तरी गवताची काडीसुद्धा वर आली नव्हती.

आबा म्हणजे कुरुळीतलं रोपातलं मोठं नाव. हयातभर त्यांनी कांद्याचं आणि वांग्याचं रोप टाकलं, आणि ते न्यायला लांबलांबची माणसं यायची. जमिनीवर कंपन्या उभ्या राहिल्या, मुलगा बाळू शिफ्टला जायला लागला, नवं घर झालं; पण 'आबांचा हात म्हणजे हात' हे नाव शिल्लक होतं, आणि आबांना घरापेक्षा त्याचाच अभिमान जास्त. म्हणून वांग्याचं बी रुसून बसलं, तरी ते गल्लीत सांगत राहिले, "झक्कास उगवलंय! लई नाजूक हाय, नजर लागंल." आणि फाटक लावून घेत राहिले. अंगणाची भिंत डोक्याएवढी उंच होती म्हणून निभावलं.

तेवढ्यात निगडीहून व्याह्यांचा फोन आला. सुनेचे, मिनलचे वडील ज्योतीराम रोज सकाळी आपल्या गच्चीवरच्या बागेतल्या फुलांचे फोटो पाठवायचे. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. तुमच्या हातची बाग एकदा बघायचीच आहे."

आबांनी फोन ठेवला आणि बायकोकडे, तानाबाईंकडे बघितलं.

"आता वं?" तानाबाईंनी विचारलं.

"आता काय! लुगडं बदल. रहाटणीला जायचंय."

रहाटणीला, कारण जवळच्या नर्सरीत ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच. तिथून मिरची, टोमॅटो आणि झेंडूची रोपं घेतली. वांग्याची रोपं संपली होती. रिक्षात तानाबाईंनी रोपं मांडीवर घेतली आणि आबांनी त्यांच्या डोक्यावरून रोपांसकट चादर पांघरली.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "आजी, पेशंट हाय का? दवाखान्यात घेऊ?"

"घरीच चल बाबा," तानाबाई म्हणाल्या, "दवाखान्याच्या फुडं गेलंय."

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा तापत राहिली आणि चादरीखाली रोपांनी माना टाकल्या. घरी पोचेपर्यंत बारा वाजले होते, उन्हाचेही आणि रोपांचेही. रोप लावावं ते तिन्हीसांजेला, हे आबांनी आजवर शेकडो लोकांना दटावून सांगितलं होतं. पण तिन्हीसांजेला गल्लीतल्या बायका पायऱ्यांवर बसायच्या, पोरं भिंतीवर चढायची. भर दुपारी मात्र गल्लीत चिटपाखरू नसायचं. अब्रू की रोप, असा प्रश्न पडला आणि आबांनी अब्रू निवडली.

तासाभरात रोपं जमिनीवर आडवी झाली.

"पाप हाय ह्ये," तानाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुमी काठी घेऊन धावला असता."

आबांनाही ते लागलं. लाजेनं अर्धे झाले बिचारे. त्यांनी परसातले चार बांबू काढले, कोपऱ्यांत रोवले, त्यांवर तानाबाईंचं पिवळं लुगडं ताणलं आणि गारव्याला वरून आंब्याचे डहाळे टाकले. सावली दाट पडली. ते डहाळे भिंतीच्या वर दिसत होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या शालनबाईंनी ते बघितलं. मे महिना, लग्नसराई, घरात संस्कृतीसारखी नोकरी करणारी उपवर नात, आणि दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव! शालनबाई फाटकाशी आल्या.

"आबा, मांडव कशाचा वं?"

"असाच," आबा म्हणाले.

"असाच म्हंजी?"

"म्हंजी... येळ आली की सांगू."

लग्न पक्कं होईपर्यंत कुणीच नीट सांगत नाही, हे साऱ्या मुलखाला ठाऊक. त्यामुळे आबांनी जेवढं लपवलं तेवढं ते पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी संस्कृती कंपनीतून आली, तर शालनबाईंनी तिला हाताला धरून जेवायला बसवलं, ओटी भरली, वर ब्लाउजपीस दिलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरी, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या.

"आबा, माझी केळवणं चाललीयेत!" संस्कृती कडाडली.

"मग सांग त्यास्नी तसं काय न्हाई म्हणून."

"सांगितलं! तर म्हणतात, लाजतेय."

लोक शुभेच्छा द्यायला येत आणि फाटकाबाहेरूनच वळत, कारण आबा कुणाला आत सोडत नव्हते. आबा मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला रोपांपाशी बसून असत. हळूहळू मिरच्यांनी माना वर केल्या, टोमॅटो उभे राहिले, झेंडूला कळ्या आल्या. पण आबांची नजर कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीकडे पुन्हा पुन्हा जायची.

रविवारी ज्योतीराम आले ते लालबुंद होऊन. गल्लीच्या तोंडाशीच शालनबाईंनी त्यांचं अभिनंदन केलं होतं.

"आबा, नातीचं लग्न ठरतं आणि आजोळाला ते गल्लीतून कळतं? आम्ही काय मेलो होतो?"

"नाना, लग्न ठरलेलंच नाही," संस्कृती म्हणाली. "तीन केळवणं जेवून झाली. आता नवरा कुठाय, ते आबांना विचारा."

"मग हा मांडव कुणासाठी?"

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "रोपांस्नी. ऊन लागतंय."

ज्योतीराम वाकून मांडवात शिरले आणि त्यांचा राग जागच्या जागी विरला. "वा! आबा, भर मे महिन्यात ही टवटवी! उगाच नाही तुमचं नाव."

फाटक उघडंच राहिलं होतं. शालनबाई आणि चारदोन बायका आत डोकावून मान डोलावत होत्या. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते अगदी हवं तसं घडत होतं. आणि आबांना त्यातलं काहीच गोड लागेना.

"एवढं तण तेवढं काढून टाका," असं म्हणत ज्योतीरामांनी कोपऱ्यातल्या दोन पानांच्या इवल्याशा कोंबाकडे हात नेला.

"पाव्हणं, हात लावू नका!" आबा असे ओरडले की डहाळ्यावरचा कावळा उडाला. "बाकीचं समदं उपटा! ती समदी इकतची हायेत! रहाटणीतनं आणली, भर दुपारी लावली, मरायला लागली म्हणून मांडव घातला. पर ह्ये माझं हाय! माझ्या बियाचं! काल उगवलंय!"

तानाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की रडू, ते कळलं नाही. आबांच्या डोक्यावरचं मात्र महिन्याभराचं ओझं उतरलं होतं.

ज्योतीराम उकिडवे बसले आणि कोंब निरखू लागले. "वांगं?"

"व्हय. सावली आन् पाणी गावलं, म्हणून आलं वर."

"रहाटणीची नर्सरी म्हणजे, ती पिंपळाजवळची?"

"तुमास्नी कसं ठावं?"

ज्योतीरामांनी फाटकाकडे बघून आवाज खाली आणला. "माझी सगळी गच्ची तिथलीच आहे हो. बियाचं आजवर एक नाही उगवलं."

आबांची मान ताठ झाली. तेवढ्यात शालनबाईंनी फाटकातून विचारलं, "आबा, मग औंदा वांग्याचं रोप मागायला यायचं का आमी?"

आबांनी त्या दोन पानांकडे बघितलं, आणि भरल्या वाफ्याच्या मालकाच्या आवाजात म्हणाले, "या की! पर तिन्हीसांजेला या. भर दुपारी कुणी रोप लावत असतंय व्हय?"